खुंट्याला बांधलेली तार

९ जानेवारी २००६, सापगाव

आज नव्या जागी आलो. जागा म्हणजे एक बस. भंगारात निघालेली एस.टी. अनंतकाकांनी लिलावात घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. आत शिरलो आणि हसूच आलं. मागे लोखंडी खाट, मधे ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. कपाळावर अजून ‘शहापूर–डोळखांब’ ही पाटी. ती काढायची नाही, असं काकांनी बजावलं. जन्मभर याच पाटीची गाडी चालवली म्हणाले, एकवेळ माझं कपाळ पुसा.

हे घर त्यांच्या बायकोसाठी आहे. कमळाबाई. डोळखांबच्या पाड्यांवर नर्स होत्या, सगळे नुसतं बाई म्हणतात. कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हातची. आता फुप्फुसं गेलीत. नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन. मशीन विजेवर चालतं, आणि वीज दिवसातून निम्मा वेळ नसते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. बाईंना मात्र आपल्या हातची पोरं एकदा बघून यायची आहेत. म्हणून काकांनी घरालाच चाकं लावली.

माझं काम एवढंच की बस चालो वा थांबो, हे मशीन बंद पडता कामा नये. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, सगळी वायरिंग माझ्याकडे, आणि प्रवासभर सोबत राहायचं. मुरबाडची कंपनी बंद पडल्यापासून लोकांच्या घरी इन्व्हर्टर बसवत फिरतोय. शरीर दमत नाही, पण माणूस दमतो. इथे बरं वाटलं. बाईंनी आल्याआल्या विचारलं, जेवलास का रे. मग काकांकडे बघून म्हणाल्या, यांनी अख्खा तालुका फिरवला, पण बायकोला कधी खिडकीची जागा दिली नाही.

१२ जानेवारी, सापगाव

काम अर्धं झालं. काकांनी स्वस्तातला इन्व्हर्टर आणून ठेवला होता. त्यावर मशीन लावलं तर रेड्यासारखं हंबरायला लागलं. अशा इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, मोटरला मानवत नाही. शहापूरला जाऊन तो बदलून आणला. आता मशीनचा आवाज घरच्या विजेवर येतो तसाच, श्वास घेतल्यासारखा, शांत.

बॅटऱ्या चार, ड्रायव्हरच्या सीटमागच्या पेटीत. इंजिन चालू असलं की त्या भरतात, बंद असलं की रात्रभर पुरतात. सकाळी पुन्हा तासभर इंजिन चालवायचं. बॅटरीत किती जीव उरलाय ते हायड्रोमीटरने बघायचं. काचेच्या नळीत आतलं पाणी ओढायचं. आतला तरंगणारा दांडा हिरव्या पट्ट्यावर आला तर भरलेली, लालवर गेला तर संपत आलेली. काकांना शिकवलं. म्हणाले, डिझेल बघायला आम्ही टाकीत काठी घालायचो, तीच ही.

१४ जानेवारी, सापगाव

संक्रांत. बाईंनी तिळगूळ दिला. बसमध्ये एक अडचण निघाली. मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, खाटेलाही येतात. बस रबराच्या टायरवर उभी असते. जमिनीत जायला वाट नाही म्हणून थोडी वीज अंगभर साठते. उपाय साधा आहे. थांबू तिथे जमिनीत सळई ठोकायची, मिठाचं पाणी ओतायचं, सळईपासून बसच्या लोखंडापर्यंत तार बांधायची. ठोकली, मुंग्या गेल्या. बाई म्हणाल्या, गुरासारखी गाडी खुंट्याला बांधलीस की रे.

१७ जानेवारी, शेणवा

पहिला मुक्काम. माणसं येतच होती. बायका खाटेवर बसायच्या, आपापली पोरं पुढे करायच्या, हा तुमच्या हातचा, ही तुमच्या हातची. एका दाढीवाल्या बाप्याला बाई म्हणाल्या, पायाळू होतास मेल्या, आईला रडवलंस. तो लाजला. सकाळी बॅटऱ्या हिशोबाप्रमाणे निम्म्यावर. इंजिन लावलं, भरल्या. सगळं ठीक.

२० जानेवारी, डोळखांबच्या पुढे

रस्ता संपतो तिथे एक पाडा आहे. माणूस दिसत नाही. सगळे वीटभट्टीवर गेलेत. चार म्हातारी, दोन कुत्री. पाड्याच्या शिवेवर मोकळी जागा बघून काकांनी गाडी लावली.

इथे सळई जाईना. वीतभर खाली कातळ. तीन जागी ठोकली, शेवटी वाकली. दमून बसलो तर बांधाजवळ, शिवेच्या दगडाला लागून एक लोखंडी खुंटा दिसला. घडीव, मनगटाएवढा जाड, हलवून हलेना. ही तर देवाने दिलेली अर्थिंग. आमच्या बापाने छप्पन साली घरातले देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर काढली, तरी शब्द तोंडात राहिलाय. गंज खरवडून तार आवळली. दिवा लावून पाहिला. अर्थिंग चांगली असली की दिवा लख्ख पेटतो. हा इतका पांढरा पेटला की डोळे मिटावे लागले. एवढी चांगली अर्थिंग मी आजवर पाहिली नव्हती.

२२ जानेवारी, त्याच जागी

विचित्र पण चांगली गोष्ट. बॅटऱ्या उतरत नाहीत. काल सकाळी हिरव्यावर. वाटलं हायड्रोमीटर बिघडला. दुसरा लावला, तोही हिरव्यावर. मशीन दिवसरात्र चालू आहे. आज इंजिन लावलंच नाही. तरी हिरव्यावर. काकांनी पाठ थोपटली.

अंग मोडून आलंय. त्या कातळावरच्या ठोकाठोकीने असेल. काकाही दुपारी स्टीअरिंगवर डोकं टेकून झोपले, हाका मारल्या तरी उठेनात.

२३ जानेवारी

निघायच्या तयारीत असताना लखमा नावाचा म्हातारा आला. पाड्यावरचाच, लेकीकडे गेला होता. आला तो बाईंच्या पाया पडायला. खुंट्याची तार पाहिली आणि दहा हात लांबच थांबला. ही कोनी बांधली रं, म्हणाला. त्या खुंट्याला आमी बकरू पन बांधीत नाय.

त्याने सांगितलं ते असं. त्याच्या आज्याच्या वेळी पाड्यावर बसकी आली. ताप नाही, खोकला नाही. माणूस काम करता करता बसायचा आणि पुन्हा उठायचाच नाही. आवणात भात लावणारी बाई बांधावर बसली, बसल्या जागी गेली. रोगराई आली की लाकडी गाड्यात बसवून शिवेपार न्यायची, पुढच्या गावाने पुढच्या शिवेपर्यंत ढकलायची, ही सगळीकडची रीत. पण या पाड्यापुढे गावच नव्हतं, नुसता डोंगर. मग लोकांनी तिला शिवेवर लोखंडात खिळली. लोखंडातून ती लोखंडातच जाते. म्हणून त्या खुंट्याला कोणी साखळी लावत नाही, तार लावत नाही, कोयतासुद्धा टेकवत नाही.

मी तार सोडली. म्हातारा म्हणाला, सोडून काय व्हायाचं नाय, ती गाडीत आली. आता पुन्हा हितंच बांधा आन् गाडी हितंच टाकून जावा. काका हसले. म्हणाले, हात केला तर मी एस.टी. कधी थांबवली नाही, आता काय थांबवू. बाई हसल्या नाहीत. लखमाला जवळ बोलावत होत्या. तो आला नाही. लांबूनच हात जोडले.

गाडी घाट उतरली. मला वाईट वाटलं, कारण म्हातारा खोटं बोलणारा दिसत नव्हता. त्याचं त्याला खरं वाटत असणार.

२६ जानेवारी, किन्हवलीजवळ

खुंटा डोळखांबला राहिला. इथे जमीन मऊ, माझीच सळई ठोकलीय. बॅटऱ्या तरी हिरव्यावर. इंजिनची चार्जिंगची वायर मी मुद्दाम काढून ठेवली. हिरव्यावरच.

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. बॅटरीतली फक्त रूप बदलून देतो. बॅटरी पण तयार करत नाही, भरलेली देते. कुठूनतरी येते म्हणूनच इथे मिळते. एवढं तर आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

आज भांडी घासायला गावातली गोजाबाई आली होती. भांडी धुऊन बसच्या पत्र्याला पाठ टेकवून बसली. तिची सून बोलवायला आली, पुन्हा आली. शेवटी सुनेने आणि शेजारणीने धरून नेली. ती हसत होती, काय झालंय कुणास ठाऊक, पायच नाहीत म्हणत होती.

२८ जानेवारी, सरळगावच्या अलीकडे

तानी आली होती. बाईंच्या हातचीच, आता तिला चार महिन्यांचा मुलगा. केवढा गोंगाट करत आली. बाईंना म्हणाली, तुमी मला उलटी धरून फटके दिलेले, आता याला द्या. खाटेवर बसली, पोराला खाटेच्या दांड्याला टेकवून ठेवलं. पोर रडत होतं. मग थांबलं. आम्हाला बरं वाटलं.

तानी दूध पाजायला लागली तर ते ओढेना. डोळे उघडे, तोंड उघडं, ओढायचा जीवच नाही. बाईंनी त्याला हातात घेतलं, पाय चोळले, गालावर टिचक्या मारल्या. नर्सचे हात. मग एकाएकी ओरडल्या, खाली ने, खाली ने त्याला. तानी पोर घेऊन उतरली, वडाखाली गेली. मातीवर बसली. बऱ्याच वेळाने तिकडून रडणं ऐकू आलं. बाईंनी डोळे मिटले.

त्या मघाशी खाटेवर उठून बसल्या होत्या. धाप लागली नव्हती. हे त्यांच्याही लक्षात आलं, माझ्याही.

२९ जानेवारी

सकाळी बसमधून उतरून गावात गेलो. मुद्दाम. पारावर बसलो, चहा प्यायलो. हळूहळू अंगात जीव आला. पहिल्यासारखा. दुपारी परत आलो, दाराच्या दांड्याला हात लावला आणि पायांतून सगळं निघून गेलं. टाकीचा नळ कोणी उघडा सोडावा तसं.

बापाची आठवण झाली. पण खरं ते मानायचं, हेही बापानेच शिकवलं.

तानीकडची चार माणसं आली. भांडली नाहीत. गाडी गावाबाहेर लावा एवढंच म्हणाली. काकांनी माळावर नेऊन लावली.

३० जानेवारी, माळ

काकांना सगळं सांगितलं. गाडी डोळखांबला परत नेऊ, खुंट्याला बांधू, सोडून देऊ. बाईंना जीपने शहापूरला नेऊ, तिथे सिलिंडर मिळेल.

काकांनी आधी मागे बाईंच्या खाटेकडे बघितलं. मग म्हणाले, मला परवापासून ठाऊक आहे. म्हणाले, सिलिंडरवर ती आठवडाभर होती, निळी पडली होती, डॉक्टर म्हणाले घरी न्या. इथे बघ. गालावर रंग आलाय. काल स्वतः वेणी घातली. मी आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवत राहिलो रे महेंद्र, हिच्यासाठी एक गाडी चालवतोय तर मधेच उतरवू?

मी म्हटलं, तानीचं पोर.

ते म्हणाले, कोणी येऊ नका म्हणून सांगू. आपण दोघे पुरे आहोत.

आपण दोघे, म्हणाले.

३१ जानेवारी

गावातून जीप ठरवून आलो. जीपवाला पंढरी, बाईंना उचलून न्यायला दाराचा दांडा धरून वर चढला. पायरीवरच बसला. त्याच्या भावाने ओढून काढला, मातीत आडवा केला. दोघे जीप घेऊन परत गेले. आता कोणी येणार नाही.

काकांना सांगितलं, गाडी काढा, डोळखांबला चला. मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर आहेत. सकाळपासून.

बॅटऱ्या हिरव्यावर.

१ फेब्रुवारी

काका उठत नाहीत. पाणी पाजलं, ओठांतून खाली आलं. हात स्टीअरिंगवर. डोळे पुढच्या काचेकडे, रस्त्याकडे. दुपारी बाई चालत पुढे गेल्या. चालत. नळी लांब करून. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मनगट बघितलं. नर्सच ती. हात काढून घेतला.

काका गेले.

बाई रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुला गाडी येते? नाही येत. म्हणाल्या, मग तू उतर आणि जा.

तुम्हाला एकटीला कसं सोडू.

मी एकटी नाहीय रे, म्हणाल्या. तेच तर.

२ फेब्रुवारी

जायला निघालो होतो. चपला घातल्या. पायरीपर्यंत — पायरीवर बसलो. जरा वेळ म्हणून.

पेन जड आहे. कंपनीत रोज शिफ्ट संपताना वहीत लिहायचो, ती सवय. म्हणून.

बाई म्हणतात उतर. दोनच पायऱ्या आहेत. खाली माती आहे. दिसते. सळईपाशी गवत हिरवं झालंय, एवढंच हिरवं —

घरी फोन करायला हवा होता. रुपालीला. मुलगी आहे माझी, लिहायचं राहिलं. काम झालं की येतो म्हटलं होतं.

दुपार

बाई मला ढकलत होत्या. शक्ती आहे त्यांना. मला काखेत धरून पायरीवरून — मग थांबल्या. त्यांचा हात लागला की मला जास्तच. त्यांना कळलं. हात झटकन् मागे घेतला, भाजल्यासारखा.

त्याही लोखंडच आता.

मला म्हणाल्या, बटण कुठलं. इन्व्हर्टरचं. सांग. बंद करते मी. माझंच बंद झालं की त्या बसकीचं काम संपेल.

सांगितलं नाही. काका पुढे बसलेत, त्यांच्या देखत कसं —

नंतर

सांगितलं.

लाल. डावीकडचं. मग बॅटरीची तार काढायची, पान्ह्याने, काळी आधी. त्यांनी ऐकून घेतलं, बाळंतपणाचं सामान मांडावं तसं सगळं नीट मांडलं. नळी नाकातून काढली, गुंडाळून ठेवली. तानीच्या पोराची चौकशी कर म्हणाल्या. काकांच्या पायाशी जाऊन बसल्या. खिडकीच्या बाजूला.

बाईंनी बटण दाबलं. मशीन थांबलं. इतक्या दिवसांनी एवढं शांत. तार काढली. दोन्ही.

आता थोडा वेळ, म्हणाल्या. घाबरू नकोस. मी पुष्कळ पाहिलेत. फार वेळ लागत नाही.

आम्ही वाट बघतोय.

ऊन उतरलं

अजून बसल्यात. ताठ. श्वास चालू आहे. मशीन नाही, नळी नाही. धाप नाही. छाती वर, खाली. शांत.

त्यांनी स्वतःचं नाक दाबून धरलं होतं. मघाशी. बराच वेळ. तरी छाती — वर, खाली.

आता रडतायत. उतर रे, उतर माझ्या राजा. खाली माती आहे.

माती दिसते —

त्या आत घेतात तेव्हा माझा बाहेर जातो. मोजून पाहिलं नाही. कळतं. त्या घेतात, माझा जातो. त्या सोडतात, पण माझा परत —

बाईंना थांबवता येत नाहीय. मान हलवतायत, नाही नाही. गालावर रंग. छाती वर

माझा